देवगडच्या मुलीने गिमारासचा आंबा खाल्ला

दोन वर्षांपूर्वी मी जोएलशी लग्न केलं, तेव्हा बाबा फोनवर एकच वाक्य बोलले, "आता बागेची वाट विसर." बाग म्हणजे आमची देवगडची, हापूसची. जोएल म्हणजे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स असलेला, फिलिपाइन्समधल्या गिमारास बेटावरचा माणूस. त्यानंतर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. यंदा इंग्लंडमधल्या मेच्या बँक हॉलिडेला रजा जोडून मी जोएलबरोबर निघायचं ठरवलं. एका बागेत बंदी आहे ना, मग दुसऱ्या बागेत जाऊ. कारण गिमारासही आंब्याचंच बेट.

हीथ्रोहून एक विमान बदलून मनिला, तिथून तासाभरात इलोइलो शहर, आणि धक्क्यावरून तोल राखायला दोन्ही बाजूंना बांबूचे पंख लावलेली मोटरबोट. वीस मिनिटांत पलीकडे. तिकीट आपल्याकडच्या कॉफीपेक्षाही स्वस्त. पाठीवर सॅक, पायात चपला, एवढ्यावरच निघा. ट्रॉली बॅग बोटीत चढवताना माझी फजिती झाली.

शेजारच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "इंडियन? आंबे तुमच्याकडेही होतात ना?"

"होतात. आमच्याच घरी होतात."

"आमचे जास्त गोड."

"बघू," मी म्हटलं. देवगडची आहे, असं ऐकून कशी घेईन?

बेटावर उतरताच पाटी दिसली: बाहेरून ताजा आंबा आणायला मनाई. झाडांना कीड लागू नये म्हणून. माझ्या बॅगेत आईने बाबांच्या नकळत माझ्या मैत्रिणीबरोबर पाठवलेली आंबापोळी होती. तपासणी करणाऱ्या माणसाने ती उलटीसुलटी करून हुंगली.

"हा आंबा आहे?"

"होता. उन्हात वाळवलाय."

तो हसला आणि म्हणाला, "मग जाऊ दे."

पहिले दोन दिवस आम्ही ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तिथली रिक्षा, ठरवून फिरलो. एका ख्रिस्ती मठात आंब्याचा जॅम घेतला, रस्त्याकडेच्या हॉटेलात आंबा घातलेला पिझ्झा खाल्ला (एकदा खाऊन बघा, दुसऱ्यांदा मागवणार नाही). गिसीला स्पॅनिश काळातलं दीपगृह आहे. बाजूला रखवालदाराच्या घराच्या भिंती उरल्यात, छप्पर गेलंय, आत झाडं वाढलीत. सकाळी लवकर जा. दुपारी तिथे सावली नाही. खालच्या किनाऱ्यावर मी रमले होते, पण जोएल पाण्याकडे बघत होता.

"हे सगळं काळं झालं होतं," तो म्हणाला. "तेलाचं जहाज बुडालं तेव्हा मी शाळेत होतो. ताताय मासे पकडायचे. जाळी फेकून द्यावी लागली."

ताताय म्हणजे त्याचे वडील. मासेमारी बसली, म्हणून ते दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत कामाला लागले, ते आजतागायत.

तिसऱ्या दिवशी ते काम करतात त्या बागेत गेलो. एकेक झाड तीन मजली घराएवढं, आणि प्रत्येक फळ किडीपासून जपायला झाडावरच कागदात गुंडाळलेलं. तातायना इंग्रजी थोडंच येतं. जोएल मधे बसून भाषांतर करत होता. त्यांनी फळ कापून पुढे केलं. खोटं बोलावंसं वाटलं. पण आंबा तोंडात असताना मला खोटं बोलता येत नाही.

"गोडीत आमच्या हापूसच्या पुढे," मी म्हटलं. "वासात मागे."

ताताय खूश झाले. "आंब्याचं कळतं हिला. कुणी शिकवलं?"

"बाबांनी. पण ते माझ्याशी बोलत नाहीत."

जोएल थांबला. "हे सांगू?"

"सांग. लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही."

त्याने सांगितलं. तातायनी सुरी पुसली आणि विचारलं, "किती झाडं आहेत त्यांची?"

"दोनशेच्या वर."

"एकटे बघतात?"

"हो."

"मग रागावायला त्यांना वेळ कुठून मिळतो?"

मी हसले आणि हसता हसता रडले. मग त्यांच्याकडून जाळीचा बांबू मागून घेतला. आमच्याकडे त्याला झेला म्हणतात. संध्याकाळपर्यंत मी आंबे उतरवत होते. मान आखडली, हात सोलवटले. दोन वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

साउथहॅम्प्टनला परतल्यावर मी, तातायनी बागेत आमच्यासाठी भरलेल्या पेटीचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांच्या हातचे.' मग बाबांचा मेसेज आला, दोन वर्षांतला पहिला: "पेंढा घातलेला नाही. खालचे दबतील."

लगोलग चुलतभावाने वेगळा मेसेज केला, "फोटो डिलीट कर, आणि काकांना सॉरी म्हण. ते बोलतायत तोवर मिटवून टाक."

मी फोटो डिलीट केला नाही. सॉरीही म्हटलं नाही. बाबांना एवढंच लिहिलं, "दबले नाहीत. खालचा मी स्वतः खाल्ला."

त्यांनी वाचलंय.

गिमारासला जायचं तर एप्रिल-मेमध्येच जा. मला विचाराल तर तिथून मी जॅमच्या दोन बाटल्या आणल्या आणि बाबांच्या रागाची भीती तिथेच टाकून आले. पुढच्या मेमध्ये जोएल आणि मी देवगडला जातोय. तिकिटं काढली आहेत. परवानगी मागितलेली नाही.