अनवाणी चौदा किलोमीटर

पहिल्या मॅरेथॉनमध्ये मी बेचाळीस किलोमीटर पळून मैदानावर पोहोचले, तेव्हा शर्यत संपते तिथली हवेची कमान जमिनीवर आडवी पडली होती आणि दोघं जण तिची गुंडाळी करत होते. मुदत सात तासांची, मला वीस मिनिटं उशीर झाला होता. केळी संपली होती, घड्याळ टेम्पोत चढलं होतं. फळ्यावर निकालाचा कागद होता, त्यात माझ्या क्रमांकासमोर एकच शब्द लिहिलेला: अपूर्ण.

तो शब्द मला वर्षभर खुपत राहिला. आवडी नावाच्या उपनगरातल्या एका सरकारी कचेरीत मी चौतीस वर्षं फायली हाताळल्या आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले. कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मी भल्याभल्यांना टेबलापलीकडून सुनावलेलं आहे. नवरा म्हणायचा, "तू पळालीस हे आपल्याला ठाऊक आहे की. पुरे झालं." पुरे कसं झालं? मला कागद हवा होता.

म्हणून पुढच्या मॅरेथॉनची तयारी मी हट्टाने सुरू केली. आमच्या वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांतून पहाटे पाचला निघायची. दारात सडा घालणाऱ्या बायका तांब्या धरून माझ्याकडे बघत राहायच्या. माझा वेग असा, की सायकलवरचा दूधवाला घरोघरी थांबूनही मला दोनदा मागे टाकायचा आणि दोन्ही वेळा घंटी वाजवायचा. त्याचा मला भयंकर राग यायचा. पण दर महिन्याला माझी वेळ थोडी सुधारत होती.

दिवाळीला मुलीने पळायचे भारी बूट आणले. आमच्या तंजावरी मराठी घरांत नवी वस्तू अशीच वापरायला काढत नाहीत. तिला हळदीचं बोट लागतं, आणि पहिल्यांदा अंगावर चढते ती चांगल्या दिवशीच. पायातल्या वस्तूला हळद लावावी का, यावर घरात चांगली खडाजंगी झाली. शेवटी पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी निवाडा केला. "अगो, चामडं नाही ना त्यात? मग नाडीला लाव. आणि चांगल्या कामाच्या दिवशीच घाल. गल्लीत भटकायला नव्हे."

सगळ्यांशी वाद घालणारी मी, त्या दिवशी मुकाट्याने मान डोलावली. दोन महिने जुन्या बुटांवर सराव केला आणि नवे खोक्यात जपून ठेवले. कुठल्याही पळणाऱ्याने हे ऐकून कपाळावर हात मारला असता, पण आमच्या घरात पळणारी मी एकटीच.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट पायात चढवले. पहाटे पाचला शर्यत सुटली. पंधराव्या किलोमीटरला टाच हुळहुळली, बाविसाव्याला जळायला लागली. अठ्ठाविसाव्याला मी पाण्याच्या टेबलापाशी फतकल मारली आणि बूट उतरवले. मोज्यांवर रक्त होतं. दोन नखं काळीनिळी झाली होती. पाणी देणारी मुलगी घाबरून म्हणाली, "पाटी, गाडी बोलावू?"

गाडी म्हणजे मागे पडलेल्यांना उचलून नेणारी. आणि पाटी म्हणजे आजी. दोन्ही शब्द मला झोंबले.

घड्याळात नऊ चाळीस झाले होते. राहिले चौदा किलोमीटर, हातात दोन तास वीस मिनिटं. चौदा! तिरुवण्णामलैच्या डोंगराची प्रदक्षिणा बरोब्बर चौदा किलोमीटरची, आणि ती अनवाणीच करायची असते. मी ती दर वर्षी करते. मग इथेच काय बिघडलं? बूट तिच्या टेबलाखाली सरकवले, "नंतर कुणीतरी येऊन नेईल," म्हटलं आणि उठले.

पहिला किलोमीटर लंगडत गेला. मग पाय सरावले. दहा वाजून गेल्यावर डांबर तापलं, तशी मी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर आले. भर दुपारच्या प्रदक्षिणेसाठी देवळातही दगडी फरशीवर असाच पांढरा पट्टा ओढलेला असतो, त्यावर पाय कमी भाजतात. वाहतूक सुरू झाली होती. बसवाले कानाशी भोंगा वाजवत होते आणि मीही त्यांना मनातल्या मनात अस्सल तमिळमध्ये उत्तर देत होते.

कोपऱ्यावर गजरे विकणारी बाई बसली होती. रक्ताळलेल्या पायांनी धावणारी म्हातारी बघून ती उभीच राहिली. "वेंडुदलाआ, अम्मा?" नवस आहे का, असं विचारत होती. समजावून सांगायला माझ्याकडे दम नव्हता. "आमा," म्हटलं, हो. त्याबरोबर तिने फुलांवर शिंपडायचं पाणी माझ्या पुढ्यात रस्त्यावर ओतलं. नवसाने अनवाणी निघालेल्यांच्या वाटेवर इथे असंच पाणी ओततात. वर तिने पुढच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्या इस्त्रीवाल्याला. माझ्या आधी हाक पोहोचत होती आणि माझ्यापुढे रस्ता ओला होत होता. एका पोलिसाने तर हात आडवा करून बस थांबवली. देवाला मी खोटं बोलले असेन, पण त्या गारव्याने माझ्या अंगात नवा जीव आला. शेवटचे तीन किलोमीटर मी खरोखर पळाले, आयुष्यात कधी पळाले नव्हते तशी.

मैदानात वळले तर कमानीच्या दोरीला दोघांनी हात घातलेला. मी कचेरीतला आवाज काढला. "हात लावू नका! अजून दोन मिनिटं आहेत!" दोघं दचकून बाजूला झाले. कमानीखालून गेले तेव्हा घड्याळात सहा तास अठ्ठावन्न मिनिटं होती. नवरा दोरीपलीकडे उभा होता. कधी न ओरडणारा माणूस, दोन्ही हात वर करून ओरडत होता.

मी पाणी घेतलं नाही, बसलेही नाही. थेट वेळ लिहिणाऱ्याच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "माझ्यासमोर लिहा." त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि लिहिलं.

तासाभराने कागद फळ्यावर लागला. नवऱ्याने वरून वाचायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरून बोट सरळ तळाशी नेलं. क्रमांक, नाव, वेळ, आणि पुढे 'पूर्ण'. माझ्या ओळीखाली आयोजकांची सही होती. शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या त्या अख्ख्या यादीत माझ्यापेक्षा हळू कुणीच नव्हतं, आणि मी यादीत होते.