आखो मांगे, बस

"थ्री सॉफ्ट आहे," आमचे दिग्दर्शक कौस्तुभ सर तिसऱ्यांदा म्हणाले. या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही. ते ओरडतात तेव्हा आम्ही निर्धास्त असतो. शांत बोलले की समजावं, काहीतरी ठरलंय.

सॉफ्ट म्हणजे फोकस चुकून मऊ पडलेलं चित्र. थ्री म्हणजे कॅमेरा नंबर तीन. त्या कॅमेऱ्यामागे नाना होते.

जळगावला मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता आणि आमची कंपनी तो पहिल्यांदाच फोर-केमध्ये लाइव्ह दाखवणार होती. फोर-के म्हणजे एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र. एचडी ही झाकली मूठ असते, थोडा फोकस हुकला तरी खपून जातं. फोर-केत मूठ उघडते. गंमत अशी, की कॅमेरामनच्या डोळ्यासमोर जो छोटा पडदा असतो तो काही फोर-के नसतो. त्याला तिथे सगळं ठीक दिसतं आणि इकडे ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे आमच्या चाकांवरच्या स्टुडिओत, मोठ्या मॉनिटरवर खेळाडूच्या भुवया धूसर असतात.

मी व्हिजन इंजिनिअर. कॅमेरामन कॅमेरा फिरवतो, फोकस लावतो. उजेड किती आत घ्यायचा, रंग कसा ठेवायचा, ते व्हॅनमध्ये बसून मी ठरवते. सहा कॅमेरे, सहा छोटे दांडे, आणि मॉनिटरवरून नजर हलवायची नाही.

"साडेचारला लाइव्ह," सर म्हणाले. "तोपर्यंत सुधारला नाही तर थ्री वाइड करून लॉक करू. मग तिथे माणूस लागणार नाही."

म्हणजे कॅमेरा एका जागी बांधून टाकायचा आणि नानांनी बाजूला खुर्ची टाकून बसायचं. सगळ्या युनिटसमोर. आमच्या धंद्यात कुणी नोकरीवर नसतं, फोन येतो आणि माणूस कामावर जातो. 'नानांचा कॅमेरा बांधला' ही बातमी संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचली असती आणि फोन यायचा थांबला असता.

मी व्हॅनमधून उतरले. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं.

नाना सोनगीरचे. धुळ्यात लग्नांचं शूटिंग करता करता या लाइनीत आले. मी डिप्लोमा करून पहिल्यांदा आउटडोअरला निघाले तेव्हा माझ्या आईने बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती. पोरगी चार-चार दिवस परगावी, सगळे पुरुष, हे तिच्या गळी उतरेना. नाना स्वतः घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमनी आंडेर ती मनी आंडेर." तुमची मुलगी ती माझी मुलगी. आईने बॅग बाहेर आणून दिली. एवढं एक वाक्य नसतं तर मी आज कुठल्या तरी कुलरच्या दुकानात बिलं फाडत असते.

ते मैदानाच्या टोकाला, खांबाच्या मागे स्टूलवर बसून लेन्स पुसत होते. लेन्स स्वच्छच होती.

"नाना, काय झालं?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माय, कोनले सांगू नको. दोन्ही डोयास्मा मोतीबिंदू शे."

डॉक्टरांनी दिवाळीतच ऑपरेशन सांगितलं होतं. यांनी सीझन संपू द्या म्हणून पुढे ढकललं.

"आते एकदा नही म्हनं, का परत कोन बलावस?" ते म्हणाले.

मला राग आला. त्यांचा आला, डॉक्टरांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. सकाळपासून ते चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे बोटांनी चाचपून देत होते. मी समोर उभी होते आणि मला कळलं नव्हतं. दिवसभर लोकांची चित्रं तपासणारी बाई मी.

"नाना, मी शे ना," मी म्हणाले.

आता जरा तांत्रिक. प्रत्येक कॅमेरामनच्या कानात हेडफोन असतो. त्यात दिग्दर्शकाचा आवाज येतो, त्याला टॉकबॅक म्हणतात. पण माझ्या पॅनेलवर एक बटण असतं. ते दाबलं की मी एकाच कॅमेरामनशी बोलू शकते. मोठ्या मॉनिटरवर फोकस मला दिसत होता. नानांनी रिंग फिरवायची, मी कानात सांगायचं. इतकं साधं. अडचण एकच होती, सर माझ्या शेजारी दोन हातांवर बसायचे. म्हणून आम्ही ठरवलं, बोलायचं ते अहिराणीत.

दुपारी मुली सरावाला उतरल्या. खो-खोत दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ चौक असतात आणि पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली त्यांत बसतात. नानांचा कॅमेरा एका खांबामागून सरळ त्या रांगेकडे पाहत होता. मुलगी लांबून जवळ आली की प्रत्येक पावलाला फोकस बदलणार. आम्ही एकेक चौक घेतला.

"मांगे… आखो मांगे… बस."

"परत एकदा सांग, माय."

"आखो मांगे… बस."

प्रत्येक चौक ते दोनदा, तीनदा विचारत होते. मला वाटलं, वय झालं, लक्षात राहत नाही. तरी मी सांगत राहिले.

साडेचारला लाइव्ह गेलो. मैदान गच्च भरलं होतं, जामनेर-यावलहून जीपगाड्या भरून लोक आलेले. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या संघात प्रमिला नावाची सातपुड्याच्या पायथ्याची पोरगी होती. ती धावायला उठली की सगळं मैदान उभं राहायचं. मी एका हाताने सहा कॅमेऱ्यांचा उजेड सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट नानांच्या बटणावर.

"पुढे… आखो पुढे… बस. मांगे, मांगे… आखो…"

"हां माय," कानात येत होतं. थ्री काचेसारखा स्वच्छ होता.

मध्येच कौस्तुभ सर वळले. "हे काय चाललंय मघापासून, आखो आखो? आँखों को क्या हुआ? कुणाच्या डोळ्यांना काय झालंय?"

अहिराणीत आखो म्हणजे आणखी. आता मुंबईच्या माणसाला ते हिंदीतून ऐकू येणार, आणि तेही नेमकं याच दिवशी, हे कुणी ठरवलं असतं?

"आखो म्हणजे आणखी, सर. आम्ही खानदेशी असंच बोलतो."

"बरं, बोला. थ्री सुंदर आहे आज," ते म्हणाले आणि पुन्हा मॉनिटरकडे वळले.

शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा सूर्य स्टँडमागे गेला आणि मैदानाचे दिवे लागले. अर्धं मैदान पिवळं, अर्धं निळं. व्हिजन इंजिनिअरची खरी परीक्षा असते ती हीच. सहाही कॅमेरे एकदम बिघडले आणि मी दोन्ही हातांनी त्यांच्या मागे लागले. बटणावरचं बोट कधी सुटलं, मला कळलंच नाही.

तेवढ्यात मैदान गरजलं. प्रमिलाने खांबाकडे सूर मारला होता. समोरच्या मुलीच्या टाचेला तिची बोटं लागली की दोन गुण आणि सामना आमचा. पंचाने हात वर करून बाद दिलं. दुसऱ्या संघाने रिव्ह्यू मागितला.

"कुणाकडे आहे?" सर ओरडले. "टूला खांब आडवा येतोय. थ्री! थ्री लाव!"

आणि मला आठवलं, की या शेवटच्या धावेत मी नानांशी एक शब्दही बोलले नव्हते. मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. कामावर असताना पहिल्यांदा.

"वा!" सर म्हणाले.

मी डोळे उघडले. फोर-केचा फायदा हा, की चित्राचा एक कोपरा कापून मोठा केला तरी तो स्वच्छ राहतो, मूळ फोकस अचूक असेल तर. पडद्यावर टाच होती, टाचेला लागलेली माती होती, प्रमिलाची बोटं होती, आणि दोन्हींच्या मधे बोटभर मोकळी जागा होती.

नाबाद. आम्ही एका गुणाने हरलो. अख्खं मैदान नानांच्या फोकसवर चिडलं. खरं सांगते, क्षणभर मीही चिडले. सकाळभर सॉफ्ट जात होता, तर आणखी एकदा जायला काय झालं होतं?

सामना संपल्यावर मी पळत खांबाकडे गेले. नाना कॅमेरा उतरवत होते. लेन्सच्या फोकस रिंगवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे दिसले. मोजले तर आठ. प्रत्येक पट्टीखाली काडेपेटीच्या काडीचा एक तुकडा. अंगठा फिरवला की प्रत्येक चौक बोटाला लागत होता.

दुपारी मी "बस" म्हणे आणि नाना तिथे काडी लावत होते. म्हणून ते परत परत विचारत होते.

"म्हणजे मॅचमध्ये तुम्हाला माझी गरजच नव्हती?" मी विचारलं. "मग दर वेळी हां माय, हां माय कशाला?"

ते ओशाळून हसले. "तू इतकी जीव तोडीसन बोली ऱ्हायनी व्हती. तुले कसं सांगू, का गप बस?" मग पट्टी काढता काढता म्हणाले, "आनि कानले बरं लागे."

मी तिथेच खाली बसून रडले. प्रेक्षकांना वाटलं, पोरगी हरल्याचं रडतेय. एका मावशीने तर पाण्याची बाटली पुढे केली.

कौस्तुभ सर शाबासकी द्यायला आले तेव्हा नानांनी स्वतःच सांगितलं, "सर, पुढच्या वेळी मला धरू नका. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

सरांना आधी समजलं नाही. मग त्यांनी लेन्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आज तुम्हाला दिसत नव्हतं? मग फोकस कुणी लावला?"

"अंगठ्याने," नाना म्हणाले.

सरांनी खिशातून फोन काढून नानांचा नंबर स्वतः घेतला. इतकी वर्षं तो फक्त मॅनेजरकडे होता. "ऑपरेशन झालं की मला फोन करा. मलाच," ते म्हणाले.

दोन्ही डोळे झाले. धुळ्याच्या पुढच्या सामन्याला थ्रीवर नानाच होते. रिहर्सल सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच माझ्या कानात आवाज आला, "माय, तुना थ्री निया दिखी ऱ्हायना." मी तपासलं. थ्री खरंच किंचित निळा होता आणि शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मलाही कळला नसता.

मी गुपचूप रंग दुरुस्त केला. टॉकबॅकवर आता मी कमी बोलते.