राणीचं ऐकून घेणारा

चौतीस वर्षं त्यांनी दारोदार पाण्याचे मीटर वाचले आणि घरी बायकोचं बोलणं ऐकलं. ती बोलायची, हे पेपराआडून "हं" म्हणायचे. संसार झकास चालला. निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात ती गेली, आणि घरात आवाज उरला तो फक्त फ्रिजचा.

"बाबा, कुठेतरी मन रमवा," लेक फोनवर म्हणाली. बसच्या वाटेवरच्या एका नाट्यशाळेच्या फाटकावर पाटी होती : युरोपची जुनी नाटकं, प्रबोधनकाळ ते स्वच्छंदतावाद, रोज साडेपाच ते साडेसात, एक वर्ष. स्वच्छंदतावाद म्हणजे काय, ते त्यांना कळलं नाही. वेळ मात्र पटली. संध्याकाळच खायला उठायची.

वर्गातली पोरं त्यांना काका म्हणू लागली. प्रबोधनकाळातल्या प्रहसनात ते दार उघडणारा नोकर झाले, आणि दार उघडायचंच विसरले. पोरं हसून लोळली. मग शोकांतिका आली. शत्रूच्या सेनापतीवर जीव जडलेली राणी आपलं मन एका म्हाताऱ्या सेवकापाशी मोकळं करते. सेवकाला वाक्यं चार, राणीला पाच पानं. सेवकाचं काम काकांना मिळालं.

राणी झालेली मुलगी दिवसा औषधाच्या दुकानात काम करायची. रोज संध्याकाळी ती काकांचा हात धरून बारा मिनिटं बोलायची. एकदा तालमीनंतर म्हणाली, "काका, तुम्ही समोर असलात की खरंच सगळं सांगून टाकावंसं वाटतं. ऐकायला कुठे शिकलात हो?"

"घरी," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्या बारा मिनिटांसाठी ते दुपारपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसत.

पण प्रयोग झाला आणि वर्ग पुढच्या काळात, म्हणजे पाटीवरच्या त्या स्वच्छंदतावादात सरकला. "आता सेवकबिवक संपले," सर म्हणाले. "आता माणूस कड्यावर एकटा उभा राहतो आणि वादळाशी बोलतो. परीक्षेला प्रत्येकाचं एक स्वगत."

काकांनी ते स्वयंपाकघरात पाठ केलं. कड्यावरचा नायक हरवलेल्या प्रियेला हाका मारतो. काकांना ओरडणं जमेना.

परीक्षेत ते रंगमंचावर आले, गुडघे धरून खाली बसले आणि समोर कुणी भाजी निवडत बसलंय अशा आवाजात सगळं बोलले. एक शब्द चुकला नाही. राणी झालेली मुलगी पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. शेवटच्या रांगेला काही ऐकूच गेलं नाही.

"काका, वादळ होतं ते!" सर म्हणाले. "आवाज कुठाय? कसेबसे काठावर पास करतोय."

काका जवळ गेले. "सर, नापासच करा ना. म्हणजे पुढच्या वर्षी परत येता येईल."

सर खो खो हसले. "काका, तुम्ही पण ना!" म्हणत त्यांनी प्रमाणपत्रावर सही ठोकली आणि पुढचं नाव पुकारलं.

काकाही थोडे हसले. बाहेर पोरं निरोपाचे फोटो काढत होती. त्यांनी काकांना ओढून मधोमध उभं केलं. फोटो झाल्यावर जो तो आपापल्या वाटेला लागला, आणि काका प्रमाणपत्राची गुंडाळी हातात धरून बसथांब्याकडे चालू लागले.