शिट्टी आणि कुकारा

जुलैतल्या एका रविवारी लोहगडवाडीत कस्तुराबाईची पिशवी भर रस्त्यात उलटी झाली. उलटी करणारा प्रितम. राहणार तळेगावचा, वय सव्वीस, पुण्याच्या एका ट्रेक कंपनीत लीडर, छातीवर नारिंगी शिट्टी. कंपनीनं नवा नियम काढला होता. वाटाड्या कुणीही असो, त्याच्याकडं यादीबरहुकूम किट पाहिजे. नसेल तर त्या दिवसापासून काम बंद.

कस्तुराबाई हे काम बावीस वर्षं करत होती. त्याआधी ती सरपणाच्या मोळ्या घेऊन मळवलीला उतरायची. एकदा विसापूरच्या रानात चुकलेली कॉलेजची पोरं तिच्या मागं मागं खाली आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मोळीपेक्षा माणसं आणायला बरी. ती आपापल्या पायांनी चालतात.

पिशवी तांदळाची, दहा किलोची. तिच्यातून निघाले उकळून वाळवलेले लुगड्याचे चार धडपे, सुतळीचा गुंडा, झाकणाच्या बरणीत काडेपेटी आणि मेणबत्ती, गूळ, मीठ-साखरेची पुडी, कोयती आणि अंगाला गुंडाळायचा प्लॅस्टिकचा कागद.

“मावशी, बँडेज कुठंय?”

“ह्ये काय मग? लुगडं नेसायचं सोडलं, टाकलं न्हाई.”

“सेफ्टी पिना, चार?”

कस्तुराबाईनं हात पुढं केला. बांगडीला नऊ पिना लटकत होत्या. “चार तुझ्या यादीला. बाकीच्या तुला घे, पँटीची शिवण गेलीय.”

ट्रेकला आलेली बारा माणसं हसली. प्रितमनं पाठीवरची बॅग खाली ओढून शिवण झाकली आणि आवाज कडक केला.

“शिट्टी?”

“ती कशाला? मी कुकारा घालते, हाक कोसभर जाती.”

“शिट्टी कंपल्सरी आहे. तीनदा वाजवली की संकट, जगभर चालतं.”

“जगभर चालत आसंल. हितं न्हाई चालत.”

प्रितमनं कंपनीची लाल किट-बॅग तिच्यापुढं ठेवली. ही घ्या, ती इथंच सोडा. तिनं लाल बॅग उघडून नीट बघितली आणि त्यातली टॉर्च तेवढी काढली. “ही माझ्याकडं न्हाई, चांगली वस्तू हाये. बाकी तुझं तू वागव. माझी पिशवी हितं ऱ्हाणार न्हाई.”

“मग तुम्हीही येणार नाही, मावशी. सॉरी.”

“कामावं नगं घेऊ. पण रान काय तुझ्या कंपनीचं हाये व्हय?”

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कस्तुराबाई लोकांच्या पुढं न चालता मागं चालली. वीस पावलं अंतर राखून, पिशवी डोक्यावर घेऊन, कुणी हाकलतंय का बघत. कुणी हाकललं नाही.

विसापूरच्या घळीत धुकं असं दाटलं की पुढच्याची पाठ दिसेना. शेवाळलेल्या धोंड्यावरून माधवी नावाची बाई घसरली. पाय दगडात अडकला, घोटा बघता बघता सुजला. मोबाइलला रेंज नाही. प्रितमनं शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा वाजवली.

खालून लगेच उत्तर आलं. दोन शिट्ट्या आणि मागोमाग आवाज: “येऊ द्या, येऊ द्या... बास!”

प्रितमनं परत तीनदा वाजवली.

“अरं डावीकडं काप की!” खालचा आवाज चिडला होता.

तो आवाज दत्ताचा, कस्तुराबाईच्या धाकट्या दिराचा. वाडीचं पार्किंग तोच बघतो. “आमच्याकडं सकाळपासनं शिट्टीच वाजतीया, बाळा,” मागून येऊन माधवीपाशी बसलेली कस्तुराबाई म्हणाली. “शिट्टी वाजली की आमची माणसं गाडी मागं घेत्यात.”

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. बूट सैल केला, कुणाची तरी मिटलेली छत्री पायाला लावली, मध्ये धडपा घालून सुतळीनं बांधली, फार आवळली नाही. माधवीच्या अंगावर प्लॅस्टिक टाकलं. मग उभी राहून तिनं तोंडाशी हात धरला आणि कुकारा घातला. लांब, चढत गेलेला, शेवटाला तुटलेला.

खालच्या शिट्ट्या थांबल्या. मग खालून तसाच कुकारा आला. भाताच्या खाचरातून आणखी एक.

अर्ध्या तासात दत्ता पाच गड्यांना घेऊन, घोंगडी आणि बांबू खांद्यावर टाकून वर आला.

“वैनी, तुमचं पाय धड हायत न्हवं?”

“माझं हायत. ह्यांच्या शिट्टीचं मोडलंय.”

माधवीला झोळीतून उतरवून लोणावळ्याला नेलं. घोट्याचं हाड चिरलं होतं. बांधणी कुणी केली, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रितमनं खरं सांगितलं, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

परतताना तो तिच्या दारात आला. “मावशी, पुढच्या रविवारी या. तुमची पिशवी चालेल.”

“चालंल काय? चाललीच की. मी यीन. पण पिशव्या मी बघणार. पयली तुझी.”

पुढच्या रविवारी लाल बॅग डांबरावर उलटी झाली. कस्तुराबाईला अक्षर लागत नाही, पण आकडा लागतो. गोळ्यांची पाकिटं तिनं डोळ्यांजवळ नेली. तारीख उलटून दीड वर्ष झालं होतं. तिनं पाकिटं ओळीनं मांडून ठेवली, सगळ्यांना दिसतील अशी.

मग सगळ्यांकडून कुकारा घालून घेतला. निम्म्यांना खोकला आला आणि वाडीतली कुत्री भुंकत सुटली, पण कुकारा घातल्याशिवाय एकालाही वर जाऊ दिलं नाही. प्रितमला तीनदा घालायला लावला.

नारिंगी शिट्टी तिनं दत्ताला दिली. त्याच्या शिट्टीतला दाणा पडला होता.