पोटावरची माती आणि आमचे साडू

महाड-पोलादपूर पट्ट्यात माझ्या थोरल्या साडूंइतका ठणठणीत माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका सतत उपचार घेणाराही सापडणार नाही. पोलादपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी निसर्गोपचारावरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं, आणि तेव्हापासून महाडच्या घराचं अंगण हाच त्यांचा दवाखाना झाला. रोगी एकच, ते स्वतः. वारुळाची माती चाळून, भिजवून, फडक्यात गुंडाळून ते सकाळी पोटावर ठेवतात आणि बाजेवर आडवे होतात. त्याच अवस्थेत आल्यागेल्याचं स्वागत. एकदा दूध घालणारी बाई म्हणाली, "गुरुजी, आमची म्हस बी असाच चिखल लावून पडते. पन तिला काय झालेला नाय."

"म्हणूनच झालेलं नाही!" साडू पडल्या पडल्या गरजले.

माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली, ती साडूंच्याच घरी. साडू मागच्या पडवीत थंड पाण्याच्या टबात कटिस्नान घेत बसलेले. तिथूनच खिडकीतून त्यांनी निसर्गोपचाराचा इतिहास सुरू केला. जर्मनीत कुणी एक क्षयाने खंगलेला तरुण होता, तो ऐन थंडीत नदीत बुड्या मारून बरा झाला, पुढे पाद्री झाला आणि त्याने गावोगावच्या लोकांना पाण्यात बसवलं. साडू हे अशा जिव्हाळ्याने सांगत होते, की तो पाद्री शेजारच्या दासगावचा आणि नदी आमची सावित्रीच वाटावी. आम्ही घामाघूम. पण मुलाच्या वडिलांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास निघाला. ते खुर्ची उचलून खिडकीशी गेले आणि लग्न तिथेच ठरलं!

पुढे व्याह्यांना साडू महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले, पुण्याकडच्या एका निसर्गोपचार केंद्रातही गेले. तिथून मात्र रागावून परतले. "एसी खोली, वर मंद संगीत, आणि माती पाकिटातली! तिला ऊन तरी ठाऊक आहे का?"

गेल्या वर्षी एका सकाळी ताईंच्या, म्हणजे साडूंच्या पत्नीच्या, छातीत दुखू लागलं. मी तिथेच होतो. साडूंनी सवयीने छातीची ओली पट्टी पिळायला घेतली. तेवढ्यात ताईंच्या कपाळावरचा घाम दिसला, आणि पट्टी हातातून गळाली. "रिक्षा! आधी रिक्षा बोलवा!" असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इस्पितळाच्या बाकावर ते दाराकडे डोळे लावून बसून होते. डॉक्टरांनी वेळेत आणल्याचं सांगितलं तेव्हा शाळेत चुकलेल्या मुलासारखे उभे राहिले आणि नुसते हात जोडले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, भाज्या भरपूर, रोज चालणं. साडूंचा चेहरा उजळला. "ऐकलंस? शेवटी निसर्गोपचारच सांगितला!"

"आणि ह्या गोळ्या?" ताईंनी विचारलं.

"त्या मी देईन गो," ते हळूच म्हणाले.

देतातही, पाण्याचा पेला हातात धरून. परवा संध्याकाळी दोघं मला नदीकडच्या रस्त्यावर दिसली. साडू आयुष्यभर असे झपाझप चालले की ताई कायम मागेच राहायच्या. आता ते त्यांच्या बरोबरीने, पाऊल आखडून चालत होते. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. दोघं बोलत होती, आणि साडू चक्क ऐकत होते.