माणसाचा वास

गार्डमामा माणसाला आधी हुंगायचे आणि मग 'ये' म्हणायचे. वैशाखात लग्न होऊन मी अकोटच्या वर, डोंगराच्या पायथ्याच्या मळ्यात आले. पहिल्याच भेटीत या म्हाताऱ्याने माझ्या दिशेनं नाक फिरवलं आणि जाहीर केलं, "शिकेकाई, कांदा अन् नवं लुगडं. हौदाकडे येऊ नको." मला असा राग आला! नव्या सुनेला हुंगतो म्हणजे काय? नवरा हसत म्हणाला, "जंगलखात्याचे गार्ड आहेत ते. साऱ्यायलेच हुंगतात."

त्या चैत्रात डोंगर जळाला होता. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. सरकारची मनाई होती, पण कितीतरी घरांच्या चुली त्या फुलांवर चालायच्या, म्हणून मामा दरवर्षी पाठ फिरवायचे. त्या वर्षी वारा फिरला आणि दोन दिवसांत सगळं काळंठिक्कर झालं. नावं कळवली तर गरीब माणसं तुरुंगात जाणार. मामांनी कचेरीला 'कारण समजले नाही' असं लिहून पाठवलं आणि ते खोटं उरावर घेऊन बसले. "आग लोकाईनं लावली पोरी," ते म्हणायचे, "पन काडी माह्या डोळ्यासमोर वढली."

नाले आटले होते, चारा जळाला होता. उरलेल्या जनावरांसाठी मामांनी अर्जुनाच्या झाडाखाली दगडमातीचा हौद बांधला. आमच्या मोटेचं पाणी रेड्यावर पखाल लादून ते रोज वर न्यायचे. मागायची त्यांना जराही लाज नव्हती. अकोटच्या जिनिंगमधून झाडलोटीची सरकी, वाण्याकडून खडेमीठ, आमच्याकडून भोपळे आणि पालेभाजीची निवडून टाकलेली देठं. पण द्यायचं ते सुपातून, हात न लावता. "माणसाचा वास आला की चितळ फिरते," असं म्हणून त्यांनी स्वतःची बिडीसुद्धा सोडली होती. अंगाला राख चोळून हौदाकडे जायचे. गाव हसायचं, तर हसू दे म्हणायचे.

महिन्याभरानं त्यांनी मला पुन्हा हुंगलं. "आता शेनामातीची झाली. चाल." वारा समोरून घेत आम्ही झुडपामागं बसलो. उतरत्या उन्हात चितळं आली, आणि सगळ्यांच्या मागून एक मादी, लंगडत. मागच्या पायाचा अर्धा खूर जळून गळाला होता आणि पोट भरलेलं होतं. "लंगडी," मामा कुजबुजले, "दोन जिवाची आहे." ती पाणी पिऊन जाईपर्यंत मीसुद्धा श्वास कोंडून बसले होते.

आणि मी मूर्ख! त्याच आठवड्यात आमराईत जंगलखात्याच्या मोठ्या साहेबाचे तंबू पडले. खानसाम्याला वांगी विकताना मी मोठ्या फुशारकीनं सांगून बसले की आमच्या गार्डमामांच्या हौदावर चितळांचा कळप उतरतो. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला: संध्याकाळी साहेब शिकारीला बसणार, अर्जुनावर मचाण बांधा. बांधायचं कुणी? मामांनीच.

मी रडत त्यांच्यापुढं उभी राहिले. "मामा, मीच बोलली."

"तोंड आहे का मोट तुह्यी? सारं पानी बाहीर!" ते इतके ओरडले की रेडा बिचकला. मग एकदम खालीच बसले. "नाही म्हटलं तर नोकरी जाते, अन् दुसरा गार्ड येऊन मचान बांधते. हो म्हटलं तर लंगडी जाते. सांग, कुठून निघू?"

हौदाकडे बघत ते उठले. मग म्हणाले, "घरचे मळके कपडे आन. घामाचे. जितले असतीन तितले."

मी गाठोडं घेऊन गेले. नवऱ्याचं धोतर, सासऱ्यांची बंडी, माझं लुगडं. महिनाभर हौदाला वास लागू न देणारा माणूस ते कपडे त्याच पाण्यात पिळत होता, वाटेवरच्या दगडांवर घासत होता आणि लहान लेकरासारखा रडत होता. मग कपडे गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले आणि मचाण पक्कं बांधलं.

साहेब अंधार पडेपर्यंत बसला. एक मोरसुद्धा फिरकला नाही. त्यानं मामांना सगळ्यांदेखत शिव्या दिल्या आणि तंबू हलवले. मामांनी हौद चार वेळा खरडून नवी माती लिंपली, पाणी भरतच राहिले. पण चितळ आलं नाही. "बंदुकीतून वाचवली अन् पान्यावाचून मारली का मी?" हे ते रोज विचारायचे.

बदलीचा कागद आला तो दूर आत, डोंगरापलीकडच्या नाक्याचा. निघताना मामा मळ्यात आले, मला सवयीनं हुंगलं आणि म्हणाले, "तोंड तेवढं सांभाळ." एवढंच. रेड्याला आमच्याकडे ठेवून गेले.

श्रावणात एका सकाळी वांग्यांचे शेंडे खाल्लेले दिसले. वाफ्याच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे उमटले होते. एक अर्धाच. बाजूला बोटाएवढे दोन-चार चिमुकले. मी वाफ्यात बसून ढसाढसा रडले. मामांना कळवायला हवं होतं, पण मला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर त्याला सांगावं लागलं असतं.

मागून नवरा आला. "कोनं खाल्ले वं हे?"

"शेळीनं," मी म्हटलं, आणि पायानं माती सारखी केली.