पुस्तक बदललं, मी तोच

मी नर्स असलेल्या डिचोलीच्या दवाखान्यात एक गृहस्थ बायकोला साखर तपासायला घेऊन यायचे आणि स्वतः कधीच बसायचे नाहीत. भिंतीला पाठ लावून, दाराकडे बघत उभे राहायचे. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बरो आसां, बाय."

पेडण्याकडे ते अग्निशमन दलात होते. चोपड्याच्या नदीत बुडालेली माणसं त्यांनी बाहेर काढली होती. अजून झोपेत ओरडतात, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं, तेव्हा मीच त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"पूर्वी दाखवलेलं," ते म्हणाले. "माणसं बाहेर काढताना भीती वाटली का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. भ्यालो असतो तर पाण्यात उतरलो असतो काय? तर म्हणाले, मग हा आजार तुम्हाला नाही."

सगळी लक्षणं नीट विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "प्रसंगाच्या वेळी भीती किंवा असहाय वाटलंच पाहिजे, अशी तेव्हा आमच्या आजारांच्या पुस्तकात अट होती. ती नंतर काढून टाकली. आघातानंतरचा हा आजार तुम्हाला आहे."

"म्हणजे पुस्तक बदललं, मी तोच!" त्यांचा आवाज चढला. "मग मधली वर्षं मी कोण होतो?"

बाई म्हणाल्या, "आजारीच होता. आम्हाला दिसलं नाही."

पुढच्या खेपेला ते बाईंकडे दलातले जुने सोबती घेऊनच आले. सगळे संकोचून दाराशी थांबले होते. त्यांनी एकेकाला दंडाला धरून आत आणलं.

"बाय, ह्यांनाही तसंच परत पाठवलेलं," ते बाईंना, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता परत विचारा."